जत्रेंतील प्राणिशिक्षणाचे मांडव

खरिपाचें धान्य घरांत आलें म्हणजे आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. मार्गशीर्षांत नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा, दत्तजयंतीस सारंगखेड्याचा घोडेबाजार, पौषी पौर्णिमेस जेजुरीचा गाढवांचा बाजार, आणि पुढें चैत्र लागला कीं गांवोगांवच्या ग्रामदेवतांच्या जत्रा. जनावर पाहणें, पारखणें व विकत घेणें हें तर अशा ठिकाणीं पूर्वापार चालत आलेलें आहे. अलीकडे मात्र कित्येक जत्रांतून निराळाच मांडव दिसूं लागला आहे. सर्पमित्रांचीं मंडळें, जखमी पशुपक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था, पशुवैद्यक आणि वनखात्याचे लोक तेथें चित्रें मांडून प्राण्यांविषयीं माहिती सांगत असतात. या मांडवांत शेतकऱ्यानें काय शिकून घ्यावें आणि कोणत्या गोष्टीकडे पाठ फिरवावी, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

संस्था काढून जनावरांचें दुःख निवारण करण्याची रीत आपल्या प्रांतांत अगदींच नवी नाहीं. मुंबईस १८७४ सालीं या कामासाठीं मंडळी स्थापन झाली व १८८३ सालीं परळ येथें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवाचा जनावरांचा दवाखाना निघाला. परंतु तें काम मुख्यतः शहराच्या रस्त्यांवरील गाडीच्या बैलांचें व घोड्यांचें होतें. शेतावरच्या मनुष्यास ज्या प्राण्यांशीं रात्रंदिवस गांठ घालावी लागते, त्यांचें शिक्षण त्याच्यापर्यंत पोंचण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं असें म्हटलें तरी चालेल. १९८० सालीं पुण्यास नीलिमकुमार खैरे हे बहात्तर विषारी सर्पांसह बहात्तर तास एका कांचेच्या खोलींत राहिले. साप विनाकारण मनुष्याच्या अंगावर येत नाहीं, हें त्यांस लोकांस दाखवावयाचें होतें. पुढें १९८६ सालीं कात्रजचें सर्पोद्यान त्यांच्याच खटपटीनें उभें राहिलें.

सापाचाच विषय प्रथम घेण्याचें कारण उघड आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यु पावसाळ्याच्या चार महिन्यांतील. हा आंकडा शेतकऱ्याच्या घरचा आहे, दुसऱ्या कोणाचा नव्हे.

मांडवांतील चित्रांपुढें उभें राहून निदान चार साप ओळखतां यावेत: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. नाग सर्वांच्या परिचयाचा आहे. घोणशीच्या पाठीवर सांखळीसारखे लांबट ठिपक्यांचे पट्टे असतात व ती जोरानें फूत्कार करते. जाड, सुस्त अंग पाहून पुष्कळ लोक तिला अजगराचें पिलूं समजतात व हातीं धरूं पाहतात, ही चूक प्राणघातक आहे. फुरसें लहानसें असतें, पण कोंकणच्या जांभ्या दगडांतून फिरणाऱ्यानें त्याला लहान समजूं नये. अंगाचे खवले एकमेकांवर घांसून तें करवतीसारखा आवाज काढतें. मण्यार मात्र सर्वांत कपटी म्हटली पाहिजे. ती रात्रीं घरांत शिरते, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, आणि दंशाच्या जागीं सूज किंवा वेदना फारशी होत नसल्यामुळें मनुष्य डांस चावला असें समजून पुन्हां निजतो. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, बोलतां येत नाहीं, आणि तोंवर फार उशीर झालेला असतो. कवड्या नांवाचा बिनविषारी साप पुष्कळसा मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक व शेंपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे शेंपटीकडे ठळक व डोक्याकडे पुसट असतात. तथापि हा भेद चित्रांत शिकण्याचा आहे, अंधारांत कंदिलाच्या उजेडीं तपासून पाहण्याचा नव्हे.

उलटपक्षीं धामण ही शेतकऱ्याची चाकरी बिनपगारी करणारी आहे. उंदीर व घुशी हें तिचें मुख्य भक्ष्य. ती गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते अशी समजूत अद्याप पुष्कळ गांवीं आहे. सापाच्या तोंडाची रचनाच अशी आहे कीं, त्यास आंचळ ओढून दूध पितां येणें शक्य नाहीं. गाय आटली तर तिचा चारा व कांस तपासावी. धामणीस काठी घालण्यानें दूध वाढत नाहीं, उंदीर मात्र वाढतात.

दंश झाल्यास काय करावें, हें त्या मांडवांतील खरें शिक्षण. दोरीनें आवळून बांधणें, जखम कापणें, विष चोखणें, मिरच्या किंवा कडुनिंबाचा पाला खाऊं घालणें हें सारें वर्ज्य. मनुष्यास धीर द्यावा, अंगठ्या, तोडे काढावे, दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधारानें हलणार नाहीं असा ठेवावा, त्यास चालूं न देतां वाहनांत घालून जवळच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस या चारी सर्पांच्या विषावर एकच असते. म्हणून साप मारून बरोबर नेण्याचा खटाटोप नको. त्या खटाटोपांत दुसऱ्यास दंश झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. देवळांत नेऊन मग दवाखान्यांत नेण्याची जी चाल आहे, तिच्याविषयीं आमचें एवढेंच म्हणणें कीं, क्रम उलटा करावा. प्रथम लस टोंचून घ्यावी. नवस फेडण्यास जन्म पडला आहे.

कांहीं मांडवांत अजूनहि जिवंत नाग गळ्यांत घालून, त्याचें तोंड उघडून दाखवून टाळ्या घेतल्या जातात. हें शिक्षण नव्हे, हा गारुड्याचाच खेळ नव्या पोषाखांत आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असा खेळ करणें हा गुन्हा आहे, आणि साप हाताळण्याच्या नादांत कित्येक तरुणांनीं आपले प्राणहि गमावले आहेत. ज्या मंडळाचा मांडव चित्रें, कातडीच्या प्रतिकृति व तोंडी माहिती यांवर चालतो तेंच मंडळ भरंवशाचें समजावें.

बिबट्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि जुन्नर, शिरूर, अकोलें या बाजूच्या वाचकांपुढें तो लिहितांना लेखणी जपून चालवावी लागते; कारण तेथें लेंकरें गमावलेलीं घरें आहेत. पाण्याची सोय झाली तसा ऊस वाढला, आणि उसाच्या फडांत बिबट्याची मादी विणूं लागली. तोडणीच्या वेळीं बछडीं सांपडतात. तीं उचलून गांवांत आणणें, मिरविणें, छायाचित्रें काढणें हें फार धोक्याचें आहे. पिलें शोधणारी मादी त्या परिसरांत दिवसेंदिवस फिरत राहते. योग्य रीत अशी कीं, तोडणी थांबवून वनखात्यास कळवावें. जुन्नरजवळ माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारण केंद्र आहे. तेथील पशुवैद्यक बछडीं तपासतात, आणि संध्याकाळीं तीं पेटींत घालून त्याच फडांत ठेवितात. रात्रीं मादी येऊन पिलें घेऊन जाते, असें पुष्कळ वेळां घडलें आहे.

बिबट्या पकडून दूर सोडून द्यावा ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु जुन्नर भागांत २००१ ते २००३ च्या सुमारास हा उपाय करण्यांत आला, तेव्हां मनुष्यावरील हल्ले कमी न होतां वाढले, असें विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें आहे. अनोळखी मुलुखांत सोडलेलें जनावर बिथरतें. यावरून ज्या विशिष्ट बिबट्यानें माणूस मारला त्याचा बंदोबस्त करूं नये असें मुळींच निघत नाहीं. तो खात्यानें तत्काळ केलाच पाहिजे, आणि शेतकऱ्यानें त्यासाठीं आग्रह धरण्यांत कांहीं गैर नाहीं.

कठडा नसलेल्या विहिरींत बिबट्या पडला तर विहिरीभोंवतीं गर्दी करूं नये. दोर बांधलेली बाज खालीं सोडली म्हणजे जनावर तिच्यावर चढून दम घेतें, आणि मग खात्याचे लोक पिंजरा सोडून त्यास वर काढतात. खरें पाहतां कठड्याचा खर्च एकदांच होतो, व त्यानें आपलींच गुरें व मुलेंहि वांचतात.

पिसाळलेल्या कुत्र्याविषयीं मांडवांत माहिती असतेच: जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लस सर्व वेळां पूर्ण घ्यावी. परंतु एक गोष्ट तेथें क्वचितच सांगितली जाते, ती येथें सांगून ठेवितों. गाय किंवा म्हैस लाळ गाळूं लागली, विचित्र हंबरूं लागली, चारा गिळतां येईना, म्हणजे घशांत कांहीं अडकलें असेल अशा समजुतीनें घरधनी तिच्या तोंडांत हात घालतो. तें अलर्काचें लक्षण असूं शकतें, आणि हाताला ओरखडा असल्यास तोच रोग माणसास जडतो. अशा जनावरास बांधून ठेवून आधीं पशुवैद्यकास बोलवावें. माणसांत या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाहीं.

बैलांच्या बाबतींत १९६५ चे नियम थोडक्यांत असे: दिवसांत एकंदर नऊ तासांहून अधिक काम नको, पांच तासांहून अधिक सलग नको, आणि ३७ अंशांवर उष्मा असेल तेथें दुपारीं बारा ते तीन जूं मानेवर नको. साखर कारखान्याच्या रस्त्यावर हे नियम किती पाळले जातात, तें प्रत्येकानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

ज्या गांवच्या जत्रा कमिटींत आमचे सभासद आहेत, त्यांनीं असा मांडव आणवितांना पशुवैद्यक व वनखात्याचा माणूस यांस अगोदर पत्र घालावें. तालुक्यांत प्रतिविषाची लस कोणत्या रुग्णालयांत ठेविलेली असते तें विचारून मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावें. आणि मांडवाची जागा पाळण्यांच्या व कर्ण्यांच्या गोंगाटांत न घेतां बैलबाजाराच्या पाण्याच्या हौदाजवळ घ्यावी. तेथें प्रत्येक शेतकरी दिवसांतून दोन वेळां तरी येतोच, आणि जनावर पाणी पिईतों त्यास उभें राहावेंच लागतें.