स्वीट, एज की वेल्व्हेट?

प्रश्न : पोर्ट्रेट आणि फुलांच्या फोटोंसाठी लेन्सबेबी घ्यायची आहे. स्वीट ५०, एज ५० आणि वेल्व्हेट ५६ यांपैकी कोणती निवडावी?

उत्तर : तिन्ही भिंगांची धूसरता वेगवेगळ्या जातीची आहे, आणि निवड तिच्यावरूनच व्हावी.

स्वीट ५०चं फोकसचं प्रतल वक्र असतं. त्यामुळे एक गोल ठिपका स्पष्ट येतो आणि कडांकडे चित्र विरघळत जातं. कंपोझर प्रो २ या माउंटवर भिंग १५ अंशांपर्यंत कलवलं, की हा ठिपका चौकटीत सरकतो. एफ २.५ला तो इतका लहान असतो, की चेहऱ्यातला एखादाच डोळा स्पष्ट दिसतो, एफ ५.६ला बराचसा चेहरा त्यात मावतो.

एज ५०चं प्रतल सपाट. कलवल्यावर ठिपक्याऐवजी स्पष्टतेची पट्टी मिळते. गच्चीवरून टिपलेला रस्ता खेळण्यातला वाटावा, तर हेच भिंग हवं.

वेल्व्हेट ५६ कलत नाही. त्याच्या एफ १.६ला गोलीय विपथनामुळे तपशिलावर मऊ झळाळी पसरते. तीच एफ ५.६च्या आसपास जवळजवळ नाहीशी होते. शिवाय १:२ मॅक्रो मिळत असल्यानं जास्वंदीचे परागकोशही ठसठशीत येतात.

तिन्हींवर फोकस हातानंच करावा लागतो. भिंगात इलेक्ट्रॉनिक जोडणी नसल्यानं मिररलेस कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा.

पोर्ट्रेट आणि फुलं हाच मुख्य हेतू असेल, तर वेल्व्हेट ५६ घ्यावी.