छऱ्याची बंदूक घरात आणण्याआधी

जरीपटक्यातल्या आयांनो आणि बाबांनो, आज जरा टोचणारं बोलणार आहे. विषय एअरगनचा. "त्यात काय एवढं, छर्रेच तर आहेत, लायसन्सही लागत नाही," असं म्हणत ती घरात येते. येताना कारण असतं गच्चीवरच्या वानरांचं. (वानरांना आणि पाखरांना छर्रे मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा वेगळाच मामला आहे, तो आज बाजूला ठेवू.) काही महिन्यांनी तीच बंदूक कपाटावरून खाली उतरते ती मात्र वानरांसाठी नसते. कोपऱ्यावर बसणाऱ्या पोट्ट्यांसाठी असते.

ते पोट्टे तुम्हाला ठाऊक आहेत. रात्री दहानंतर गाड्या आडव्या लावून बसायचं, खर्रा घोटायचा, पिचकाऱ्या तुमच्याच कंपाउंडवर मारायच्या, सायलेन्सर काढलेली गाडी मुद्दाम दारासमोर रेस करायची. शिकवणीहून येणारी तुमची मुलगी गल्लीत वळली की शिट्टी. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा उलट उत्तर आलं, "रस्ता तुमच्या बापाचा आहे का?" बापाचं डोकं तिथे सटकतं. सटकणारच. हा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

आता लायसन्सचं बघू, कारण सगळा भरवसा त्याच्यावर असतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे. नळी त्याहून मोठी असली, म्हणजे ज्याला पॉइंट बावीस म्हणतात ती ५.५ ची, किंवा जोर जास्त असला, तर सूट संपली. ऑनलाइन मागवताना हे कोण तपासतं? आणि सूट आहे ती जवळ बाळगायला. माणसावर रोखायला कुणी सूट दिलेली नाही. शहरात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात. तो लागू असताना हातात शस्त्र घेऊन रस्त्यावर उतरणं हाच गुन्हा होतो. मग परवाना लागतो की नाही हा प्रश्नच उरत नाही.

"छर्रेच तर आहेत" याचाही हिशेब करून बघा. शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. मर्यादेतल्या २० ज्यूलने तो सुटला तर सेकंदाला सुमारे २८० मीटर धावतो, म्हणजे ताशी हजार किलोमीटर. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीत वेग याहून कमी असतो, पण डोळा फुटायला त्याहून कितीतरी कमी वेग पुरतो. नळी मोडून छर्रा घालायचा, नळी परत बसवायची, ट्रिगर ओढायचा; हे दहा वर्षांच्या पोराला एकदा पाहिलं की जमतं. आणि अंधारात पायावर धरलेला नेम पायावरच लागेल याची हमी पट्टीचा नेमबाजही देणार नाही.

छर्रा कुणाच्या डोळ्यात गेलाच, तर काय होतं तेही ऐका. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ गोळी झाडण्याच्या साधनाने केलेल्या दुखापतीबद्दल आहे. दुखापत गंभीर असेल तर किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप. छर्रा न उडवता नुसती रोखून "संपवून टाकीन" म्हटलं, तर कलम ३५१ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. 'पण आत्मसंरक्षणाचा हक्क आहे ना?' आहे. कुणी अंगावर धावून आला, रात्री घर फोडून आत शिरला, मुलीला हात लावला, तर तो हक्क खराच आहे. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क चालत नाही, असं कलम ३७ सांगतं (हे न्याय संहितेतलं, वर आलेलं ३७ वेगळं). शिट्टी, पिचकारी आणि सायलेन्सर त्यात बसत नाहीत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा. समोरच्या पोट्ट्याला तुमच्या हातात एअरगन आहे की रायफल, हे अंधारात कळत नाही. त्याच्या कमरेला देशी कट्टा असला तर तो विचारत बसणार नाही. तुम्ही रुबाब करून घरात आलात, तरी उद्या त्याच गल्लीतून तुमचीच लेक सायकलवर जाणार असते.

इथे कुणीतरी हमखास कस्तुरबानगरचं नाव काढतं. आपल्याच भागातली गोष्ट आहे, काढायलाच हवं. अक्कू यादव नावाच्या गुंडाने ती वस्ती वर्षानुवर्षं छळली. बायांनी तक्रारी केल्या, दाद मिळाली नाही. त्याच्या माणसांनी एका शिकलेल्या तरुणीचं घर घेरलं तेव्हा तिने गॅस सिलिंडर उघडून काडी ओढण्याची धमकी दिली होती. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, जमावाने मिरचीपूड आणि चाकूंनी त्याला संपवलं. त्या बायांना नावं ठेवायची माझी छाती नाही. पण आपण पोरांना ती गोष्ट तिथेच थांबवून सांगतो. पुढे अटका झाल्या, खटला चालला, आणि पुराव्याअभावी निर्दोष सुटायला २०१४ साल उजाडलं. दहा वर्षं डोक्यावर खुनाचा खटला. कोपऱ्यावर खर्रा खाणाऱ्या चार पोरांसाठी आपण हे ओढवून घेणार आहोत का?

सगळ्यात जास्त काळजी मला खिडकीतून बघणाऱ्या तुमच्या मुलाची वाटते. सातवी-आठवीतला. त्याला शाळेत कुणीतरी छळत असतं आणि ते त्याने तुम्हाला सांगितलेलं नसतं. बाबांनी काय केलं, ते त्याने नीट पाहिलंय. बंदूक कपाटावर कुठे आहे आणि छऱ्यांची डबी कोणत्या खणात आहे हेही त्याला माहीत आहे. तुम्हाला वाटतं त्याला माहीत नाही. त्याला नेमबाजीची खरीच हौस असेल तर प्रशिक्षक असलेल्या रेंजवर घाला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला, तो याच ४.५ च्या छऱ्यावर. त्या खेळात रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि नळी माणसाकडे वळवली की पोरगा त्याच क्षणी रेंजच्या बाहेर. घरच्या गच्चीवर ही शिस्त कोण लावणार?

मग त्या पोट्ट्यांचं काय? एकट्याने जाऊ नका, हे पहिलं. गल्लीतले पाच-सहा जण मिळून जा, बायांना सोबत घ्या, आणि जमलं तर त्या पोरांच्या घरी आधी जा. त्यांनाही आई आहे, आणि आपला मुलगा रात्री कुठे बसतो ते तिला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. रात्री चाललेला गोंधळ ११२ वर त्याच वेळी कळवा, सकाळी नव्हे. गाड्यांचे नंबर आणि तारखा वहीत लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागून घ्या. दाद नाही मिळाली तर तीच प्रत घेऊन वरच्या साहेबांकडे जा. यात वेळ जातो, चिडचिड होते, कबूल. मुलीच्या शिट्टीचा विषय असेल तर मात्र आठवडाही थांबू नका, आणि तक्रार देताना तिला विचारून द्या.

एअरगन आधीच घरात असेल, तर ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत ठेवा, किल्ली स्वतःकडे. नको असेल तर ज्या दुकानातून आणली तिथे विचारा, पण ओएलएक्सवर कुणा अनोळखी पोराला विकून मोकळे होऊ नका. आणि आज रात्री जेवताना मुलाला विचारा, शाळेत तुला कोण त्रास देतं. तो "कोणी नाही" म्हणेल. उद्या परत विचारा.