आजचं चिंतन : सोसणं म्हणजे काय? (गीता २.१४)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चौदावा. भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांची विषयांशी गाठ पडली की थंडी-ऊन, सुख-दुःख हे होणारच. ते येतं आणि जातं, कायम राहत नाही. म्हणून ते सोस. शेवटी एकाच शब्दाची आज्ञा : 'तितिक्षस्व'. हा शब्द वाचला की बहुतेकांना दात-ओठ आवळून बसलेला कुणी तपस्वी आठवतो. मला माझी आई आठवते, आणि ती हसत असते.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती ५२ वर्षांची होती. त्यानंतर ११ वर्षं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि दर वेळी हातात दोन जाड सुया. गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

ज्ञानेश्वरीत माउली हा श्लोक एकेक इंद्रिय घेऊन उलगडतात. शब्द म्हटला की त्यात निंदाही आली, स्तुतीही. स्पर्श मऊ असतो तसा कठीणही. रूप भेसूर आणि सुरेख, वास सुगंध आणि दुर्गंध, चवीचंही तेच. आई हे डायलिसिसच्या पलंगावर वाचायची. सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, म्हणून पानं मी उलटायचे. एकदा स्पर्शाच्या ओवीवर ती थांबली. म्हणाली, "कठीण तर टोचून झालं. आता मऊ कुठंय ते बघू." आणि मला पिशवीतली तिच्या जुन्या लुगड्याची गोधडी काढायला लावली. डायलिसिस चालू असताना थंडी फार वाजते. गोधडी गळ्यापर्यंत ओढून बाईसाहेब पुढची ओवी वाचायला तयार!

तिच्या मनगटाजवळ रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवते. ती असली म्हणजे रक्त नीट वाहतंय, आणि ती रोज तपासायची असते. आई पहाटे काकड्याच्या वेळी बोट ठेवायची आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणायची, "वीणा चालू आहे गं!" सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसं तिचं चाललं होतं. भाचरं आली की आधी आजीची वीणा बघायला धावायची.

पाण्याचं मात्र कठीण होतं. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं, चहा-आमटी त्यातच धरायची. देवळातलं तीर्थसुद्धा ती हिशेबात घ्यायची. एकादशीला बटाटा, रताळं, शेंगदाणे, शहाळं, सगळ्यावर बंधन, कारण पोटॅशियम. मग भगर आणि दाण्याच्या कुटाशिवायची साबुदाण्याची खिचडी. बटाटा हवाच असेल तर बारीक चिरून, भिजवून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, आणि तोही दोन फोडीच. "एवढ्या धुतलेल्या बटाट्याचा मोक्ष झाला असेल," असं म्हणून ती त्या दोन फोडी चवीनं खायची.

एक नातेवाईक भेटायला आले आणि म्हणाले, "एवढी भक्ती करूनही तुमच्या वाट्याला हे?" मला राग आला होता. आई शांतपणे म्हणाली, "अहो, दुखणं किडनीचं आहे. जीभ मोकळी आहे ना नाम घ्यायला?" आणि त्यांना लाडू दिला. स्वतः वासच घेतला.

आता जरा शास्त्राकडे येऊ. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे : प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सोसणं. यातलं 'प्रतिकार न करता' काही भक्त फार शब्दशः घेतात आणि औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी असं समजतात. मला ते पटत नाही. ती व्याख्या मुमुक्षूच्या साधनेबद्दल बोलते. गीतेतला श्लोक तर रणांगणावर, ज्याला लगेच धनुष्य उचलायचं आहे त्याला सांगितलाय. आईनं ११ वर्षांत एकही गोळी चुकवली नाही.

आणि विलाप? ती रडायची, मित्रांनो. पायात गोळे आले की रात्री मोठ्यानं रडायची, "विठ्ठला, आज पुरे रे" म्हणायची. सकाळी ते लपवायची नाही. पण 'माझ्याच वाट्याला का' हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. रडणं आणि विलाप यांतला फरक मला कुठल्या भाष्यात नाही, त्या खोलीत कळला.

तुमच्या घरी कुणी दीर्घ आजारी असेल तर हा श्लोक त्यांना ऐकवायला जाऊ नका. तो आपण आपल्यासाठी वाचायचा. त्यांच्याजवळ बसा, आज काय मऊ लागलं ते विचारा. कधी उत्तर मिळेल, कधी "काहीच नाही" असंही येईल. तेही ऐकून घ्या.

पुढच्याच श्लोकात 'धीर' हा शब्द येतो. मराठीत आपण तो धरतो, देतो, सोडतो. संस्कृतात मात्र तिथे तो माणसाचं विशेषण आहे. त्याबद्दल उद्या.