नळीतले मलम आणि त्वचेचे वेळापत्रक

एखाद्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जाड चट्टे आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे तुम्ही पाहिले असतील. गोऱ्या कातडीवर हे चट्टे लाल दिसतात, सावळ्या कातडीवर जांभळट किंवा तपकिरी. डॉक्टरांनी याला सोरायसिस म्हटले असेल, तर त्या मुलाशेजारी बाकावर बसायला कचरण्याचे काहीच कारण नाही. हा रोग स्पर्शाने, टॉवेलने किंवा पाण्याने पसरत नाही.

मग तो होतो कसा? आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, आपले केंद्रक गमावतात आणि शेवटी नकळत झडून जातात. या प्रवासाला साधारण एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी विनाकारण खवळतात आणि प्रथिनांच्या रूपाने ‘घाई करा’ असे निरोप धाडतात. मग महिन्याचा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारीचा वेग सहापट झाला आणि तवा मात्र एकच राहिला, तर काय होईल? अर्धकच्च्या पोळ्यांची चळत साचेल. चट्ट्यावरचे पापुद्रे म्हणजे अशीच चळत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यांतल्या पेशींत केंद्रके अजून शिल्लक दिसतात. पापुद्र्यांमध्ये हवा अडकते, तिच्यामुळे प्रकाश परावर्तित होतो आणि चट्टा चंदेरी दिसतो.

ही घाई थांबवण्यासाठी डॉक्टर बहुधा स्टेरॉइडयुक्त मलम देतात. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून त्वचारोगांवर गुण येतो असे दाखवले. तेव्हापासून ही औषधे प्रचारात आली. स्टेरॉइडचे रेणू पेशीत शिरतात, केंद्रकापर्यंत पोचतात आणि ते खवळवणारे निरोपच कमी करतात.

येथे एक फसगत होते. ज्या नळीवर ०.०५ टक्के लिहिले आहे ते औषध १ टक्क्याच्या औषधाहून सौम्य असणार, असे गणित कोणीही मांडील. प्रत्यक्षात ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिझोनच्या कितीतरी पटींनी जहाल असते! स्टेरॉइडने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी फिकी पडते. त्या फिकेपणावरून औषधाचा जोर ठरवण्याची युक्ती १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी काढली. टक्केवारीवरून जोर कळत नाही तो नाहीच.

शिवाय कातडी सगळीकडे सारखी नसते. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजून पाहिले, तेव्हा कोपरापुढच्या हातापेक्षा कपाळातून हायड्रोकॉर्टिझोन सहापट शोषले गेले आणि तळपायातून केवळ सातवा हिस्सा! गुडघ्यासाठी दिलेले मलम चेहऱ्यावर का लावू नये, हे आता तुमच्या लक्षात येईल.

आणि किती लावायचे? त्यासाठी एक सोपे माप आहे. ५ मिलीमीटर तोंडाच्या नळीतून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. समजा, चट्ट्यांची एकूण जागा चार तळहात आहे आणि मलम दिवसातून दोनदा लावायचे आहे. ३० ग्रॅमची नळी किती दिवस पुरेल? (उत्तर : १५ दिवस.) ती चार दिवसांत संपली तर लावणाऱ्याचा हात सैल आहे, दोन महिने पुरली तर औषध चट्ट्यापर्यंत पोचतच नाही.

जहाल स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे वळ उमटतात. एकदम बंद केले तर चट्टे पुन्हा उसळू शकतात. म्हणून डॉक्टर ते हळूहळू कमी करतात, किंवा जोडीला ‘ड’ जीवनसत्त्वासारखे काम करणारे कॅल्सिपोट्रायॉल देतात. याची कथा गमतीची आहे. १९८५ साली जपानमध्ये एका रुग्णाला हाडांच्या विरळपणासाठी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध दिले होते; हाडांचे राहू द्या, त्याचा सोरायसिसच ओसरला! अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि कंटाळून मध्येच सोडणारेच फार.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. एकाला लागू पडलेली नळी शेजारी मागून नेतो आणि आपल्या गजकर्णावर लावतो. गजकर्ण बुरशीमुळे होते. स्टेरॉइडने खाज थांबते, म्हणून बरे वाटते. पण त्याच वेळी बुरशीशी झगडणाऱ्या पेशी गप्प होतात, आणि चट्टा आतल्या आत पसरत जातो. पुढे त्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ते ओळखणे जड जाते. २०१८ साली भारत सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. तुमच्या घरातल्या कपाटात एखादी अर्धवट पिळलेली नळी असेल, तर तिच्यावरचे औषधाचे नाव आज वाचून पाहा आणि ती कोणासाठी, कधी आणली होती ते आईला विचारा.