चित्रपुस्तक आणि बालमन

मानसशास्त्रातील बालविकासाचे प्रकरण मी चांगले पाठ केले होते. पण चार वर्षांच्या मुलासमोर पुस्तक कसे उघडावे, हे त्यात कोठेच नव्हते. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी कॉलेजजवळच्या एका अंगणवाडीत जाऊ लागले, तेव्हा ही उणीव ध्यानात आली.

सोबत एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले चित्रपुस्तक नेले होते. अंड्यातून निघालेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असे करीत शुक्रवारी पाच संत्री खातो. शनिवारी नाही नाही ते दहा पदार्थ खाऊन त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर बरे वाटते. मग कोष आणि शेवटी फुलपाखरू! चित्रे रंगविलेले पातळ कागद कापून, चिकटवून केलेली आहेत आणि खाल्लेल्या प्रत्येक फळाला खरोखरीचे भोक आहे.

पहिल्या दिवशी मी चुकले. प्रत्येक पानावर थांबून "किती आहेत? रंग कोणता?" असे विचारीत सुटले. थोड्याच वेळात मुले पांगली. एक मुलगी तेवढी बसून राहिली. अंगणवाडीत येऊन तिला महिना झाला होता. पण ती कोणाशी एक शब्दही बोलली नव्हती. सफरचंदाच्या भोकात बोट घालून ते पलीकडून निघालेले ती पाहत होती. मला वाटले, ही परीक्षा माझीच झाली!

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न सोडून दिले. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरले, गोष्ट मराठीत सांगितली आणि पाने उलटण्याचे काम मुलांवर सोपविले. नासपतीला सर्वांनी पेरू ठरविले. मी दुरुस्ती केली नाही. लठ्ठ झालेल्या सुरवंटाचे पान आले, तशी ती मुलगी एकदम म्हणाली, "ताई, हात नको लावू. खाज येते." तिच्या दारात शेवगा होता आणि त्यावरचे केसाळ सुरवंट तिला ठाऊक होते. खिचडी वाढणाऱ्या सेविकाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

पुढे आम्ही कढीपत्त्यावरचा एक हिरवा सुरवंट डहाळीसकट बरणीत ठेवला. तो लाडवाला तोंड लावीत नाही, हे मुलांनी स्वतःच पाहिले. आणखी एक फरक दिसला. पुस्तकातला सुरवंट स्वतःभोवती घर बांधतो. आमच्या सुरवंटाने कमरेला एक धागा बांधून डहाळीवर उघडाच कोष केला. रेशमी वेष्टण विणतात ते बहुधा पतंगांचे सुरवंट. पुस्तकातील ही चूक मला खटकली नाही. तिच्यामुळेच मुले पुस्तकाकडून बरणीकडे आणि बरणीकडून पुन्हा पुस्तकाकडे जात राहिली.

फुलपाखरू बाहेर पडले, त्या दिवशी ती मुलगी नेमकी आजारी होती. दोन दिवसांनी आली, रिकामी बरणी पाहिली आणि म्हणाली, "गेलं?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तिनेच पुस्तक मांडीवर घेतले आणि पहिल्या पानापासून मला गोष्ट सांगितली. तिच्या आठवड्यात सोमवारनंतर एकदम शनिवार आला.

मी मध्ये बोलले नाही. वर्षभरात मी एवढेच शिकले.