हळदीच्या मांडवासाठी घरी बांधलेला बेंजो

शहापूर-मुरबाडकडे हळदीची रात्र बेंजोशिवाय रंगत नाही. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ते ‘ताइशोगोतो’ म्हणून घडवलं, भारतात ते बुलबुल तरंग झालं, आणि पिकअप बसल्यावर वरातीत उतरलं. घरी बेंजो बांधताना जे हाताला कळलं, ते सांगतो.

१. लाकूड भरीव हवं. पोकळ खोकं मोठ्या स्पीकरसमोर घुमतं आणि शिट्टी मारू लागतं. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान मिळालं तर दुसरं काही बघू नका. कितीतरी पावसाळे पचवून ते मुरलेलं असतं. साधं प्लायवूड आषाढात फुगतं आणि कळा अडकतात.

२. कळांच्या जागा गणिताने ठरवा, पण निवाडा कानाला करू द्या. मेरूपासून घोडीपर्यंत तार ६० सेंटीमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागायचं. ३.३७ सेंटीमीटरवर पहिली कळ येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत गेलं की बारावी कळ बरोबर मध्यावर, ३० सेंटीमीटरवर पडते, तिथे वरचा सा. मात्र कळ दाबताना तार ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. म्हणून घोडी सरकती ठेवा. मोकळ्या तारेच्या मानाने बारावी कळ चढी बोलली, तर घोडी मेरूपासून थोडी लांब न्या.

३. सगळ्यात जास्त वेळ पिकअपला द्या. चुंबकाभोवती केसाएवढी बारीक, ४६ गेजची इनॅमल तांब्याची तार हजारो फेरे गुंडाळायची. ही तार लॅमिंग्टन रोडला मिळते. शहापूरकरांनी आसनगावहून लोकलने दादर गाठायचं, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. गुंडाळताना हात घाईला आला की तार तुटते, आणि तुटलेली डोळ्यांना दिसतही नाही. मल्टिमीटरने काही हजार ओहम दाखवले तर वेटोळं शाबूत आहे. मग ते वितळलेल्या मेणात बुडवून ठेवा. मेण आत शिरलं की फेरे हलत नाहीत आणि पिकअप स्वतःहून किंचाळत नाही. मेण थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. तारा पोलादीच लावा. पितळेची तार कानाला कितीही गोड लागली तरी चुंबकाला ती कळत नाही.

४. एका वेटोळ्याचा पिकअप मांडवातल्या विजेची ५० सायकलची गुणगुण उचलतो. दोन वेटोळी उलटसुलट जोडून त्यांची चुंबकंही उलट ठेवली की गुणगुण कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी गिटारसाठी काढलेली ही युक्ती बेंजोलाही तशीच लागू पडते.

५. शॉकचा धोका मात्र फार गांभीर्याने घ्या. गुणगुण कमी व्हावी म्हणून बेंजोच्या तारा केबलच्या जाळीतून अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. मांडवातल्या वायरिंगच्या चुकीने त्या पेटीत फेज आला, तर तो थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. पायाखाली ओली माती, अनवाणी पाय. आत ९ व्होल्टची बॅटरी असली म्हणून धोका टळत नाही, कारण केबल जोडलेलीच असते. वाजवण्याआधी तारांना आणि माइकला टेस्टर लावून बघा. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अर्थिंग नसेल तिथे मी वाजवू देत नाही, मग यजमान सख्खा मामा असो.

६. आवाजाची खुंटी नखी धरणाऱ्या हाताजवळ ठेवा. लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलारीण धवला म्हणू लागली की बेंजो त्याच क्षणी थांबला पाहिजे. तिच्यावर स्पीकर चढवणं मला अजिबात पटत नाही.

७. काहीही कायमचं चिकटवू नका, सगळं स्क्रूवर. वरातीत केबलमध्ये कुणाचा तरी पाय अडकतोच, आणि पहिला सुटतो तो जॅक. तो दोन स्क्रूंच्या वेगळ्या पट्टीवर बसवला, तर पट्टी काढून तिथेच डाग देता येतो. सोल्डरिंग आयर्न, जादा जॅक आणि तारांचा एक संच पेटीतच ठेवा. मध्यरात्री मुरबाडला कुठलं दुकान उघडं मिळणार?