मोल मोजायचे, पण कशाचे?

अगं, एवढी हिरमुसून काय बसलीस? दहावीपर्यंतचं शास्त्र मराठीत झालेलं, आता साताऱ्याला वसतिगृहात राहायचं आणि अकरावीचं रसायन एकदम इंग्रजीतून. कुणीही बावरेल. पण मोल तुला नवा नाही. नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात तो येऊन गेलाय. खरं सांगू का, तू आकडेमोडीत अडत नाहीस. प्रश्न नेमकं काय मोजायला सांगतोय, ते न बघताच गुणाकाराला लागतेस.

तुमच्या तासगावच्या द्राक्षबागेतलंच घे. पावसाळी हवेत डावणी रोगाच्या धास्तीनं घरोघरी फवारणीचं बोर्डो मिश्रण कालवतात ना, त्यातला निळा मोरचूद. त्याचं सूत्र मोठ्यानं म्हण बघू: सीयू एसओ फोर, टिंब, फाइव्ह एचटूओ. म्हणजे तांबं एक, सल्फेट एक आणि पाण्याचे रेणू पाच. आता एका मोलाचं वजन काढ. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन चार म्हणून ६४, झाले १५९.५. पाच पाण्याचे ९० मिळव, २४९.५. म्हणजे अडीचशे ग्रॅमच धर. एक टक्का बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद लागतो, तर त्या किलोत किती मोल झाले? चार! इतकं सरळ आहे बघ.

आता पुढचं सावकाश वाच, कारण सगळ्यांचे गुण इथेच जातात. एका ओटीत एक खण, एक नारळ, पाच हळकुंडं धर. चार जणींच्या ओट्या भरायच्या तर खण चार, नारळ चार, हळकुंडं वीस. तसंच चार मोल मोरचुदात तांब्याचे आयन चार मोल, सल्फेटचे आयन चार मोल, पाण्याचे रेणू वीस मोल. एकूण आयन किती? आठ मोल. पाणी आयन नाही गं, त्याला यात धरायचं नाही. आणि सल्फेट हा पाच अणूंचा असला तरी आयन एकच. तो पाण्यातसुद्धा अखंडच राहतो, म्हणून आयन विचारले की त्याला फोडायचं नाही.

पण अणू विचारले की फोडायचं. मग ऑक्सिजन सल्फेटमधले चार आणि पाण्यातले पाच, मिळून नऊ. पाण्यातले पाच हमखास विसरतात, तेवढं सांभाळ. चार मोल मोरचुदात ऑक्सिजनचे अणू ३६ मोल, हायड्रोजनचे ४०, तांबं चार, गंधक चार. बेरीज ८४ मोल. किलो तोच, पण आयन म्हटलं की ८ आणि अणू म्हटलं की ८४. म्हणून सांगते, आधी प्रश्नातल्या 'अणू', 'आयन', 'रेणू' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मार आणि मगच आकड्याला हात लाव.

एका मोलातल्या नगांचा आकडा, ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात, बघून तर मुळीच घाबरू नकोस. प्रश्नात मोल विचारले असतील तर त्याची गरजच नसते. नग विचारले तरच शेवटी एकदा गुणायचं.

बोर्डोत मोरचुदाबरोबर चुना असतो, त्याच्या सूत्रात कंस येतो, त्याचंही बघून ठेव. कळीचा चुना पाण्यात विरवला की त्याचं सूत्र होतं सीए, कंसात ओएच, कंसाबाहेर २. तो २ कंसातल्या दोघांनाही लागतो. म्हणजे अणू पाच: कॅल्शियम एक, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन दोन. आयन मात्र तीन: एक कॅल्शियम, दोन हायड्रॉक्साइड.

हे आयन काही नुसते वहीतले नाहीत. बोर्डो कालवल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघतात, ते आठव. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत. लोखंड द्रावणात उतरतं आणि तांबं पात्यावर बसतं. तशीच फवारणी केली तर कोवळी पानं करपतील, म्हणून चुना वाढवायचा. चुन्यातले हायड्रॉक्साइड त्या आयनांना धरून ठेवतात. मला हे फार आवडतं बघ. तुमच्या बागेत प्रत्येक बोर्डोला ही परीक्षा होते.

आता एक तू कर, माझ्याकडे न बघता. बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवतात त्या द्रावणातलं पोटॅशियम कार्बोनेट, के टू सीओ थ्री. पोटॅशियमला ३९, कार्बनला १२, ऑक्सिजनला १६ धर आणि १३८ ग्रॅममध्ये आयन किती मोल ते काढ. तीन आले तर बरोबर. सहा आले तर तू अणू मोजलेस, परत प्रश्न वाच.